मॅडम, माझा पाय जमिनीवरच होता

परवा रेस झाली, मॅडम. निकाल आत्ता सांगणार नाही. निकाल आधी सांगितला की तुम्ही चिडायच्या. "निकाल तं पेपरातही येते. तू चालली कशी, थे सांग मले," असं म्हणत खुर्ची पुढे ओढायच्या आणि पहिल्या वळणापासून सगळं वदवून घ्यायच्या. तेव्हा क्रमानेच सांगते. एवढंच सांगून ठेवते की परवापासून मला धड जेवण जात नाहीये, आणि ते दुःखाने नव्हे. दुःखात मी भरपूर जेवते. तुम्ही गेलात त्या आठवड्यात आई पोळ्या लाटत होती आणि मी तव्यावरूनच संपवत होते. जेवण जात नाही ते आनंदात. बसल्या जागी पाय हलतात, बोलताना श्वास पुरत नाही, आणि सारखं वाटतं, फोन उचलावा आणि तुम्हाला सांगावं. परवा तुमचा नंबर लावलासुद्धा. काकांनी उचलला. "बोल, कामठी," म्हणाले. तुम्ही नवरा-बायकोंनी मिळून माझं नावच पुसून टाकलं आहे. कॉलेजात मी प्रणाली, आणि तुमच्या घरात कामठी, कारण कामठीहून येते.

हे लिहायलाही काकांनीच लावलं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात श्रद्धांजली म्हणून किती लोक बोलले! एक जण म्हणाले, मेश्राम मॅडम अत्यंत मनमिळाऊ होत्या. खरं सांगते, मला हसू आवरेना. तुमच्याशी भांडण न झालेला एखादा क्रीडाशिक्षक या शहरात उरला असेल, तर तो नुकताच रुजू झालेला असणार. दुसरे म्हणाले, त्यांनी कधी आवाज चढवला नाही. अहो, तुमची हाक मैदानापलीकडच्या टपरीवर पोचायची आणि चहावाल्याचं दूध उतू जायचं! काकांनी मला खूण केली, तू बोल. मी नाही म्हणून मान हलवली. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि अशा कार्यक्रमात भांडता येत नाही. नंतर काका म्हणाले, "बोलली नाहीस ना, मग लिहून दे." आणि आता ते वाचणारच आहेत, तर आपल्या खेळाचा नियम पुन्हा एकदा सांगून घेते. तुमच्याशी संसार करूनही त्यांना तो अजून कळलेला नाही.

काका, आम्ही धावत नाही, चालतो. चालण्याची शर्यत. दहा किलोमीटर, म्हणजे ट्रॅकवर पंचवीस चकरा. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. दोन्ही पाय हवेत दिसले की ते धावणं झालं. मैदानाभोवती पंच उभे असतात. ज्याला चूक दिसली तो लाल कार्ड लिहून पाठवतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं पडली की मुख्य पंच येऊन लाल पाटी दाखवतात, आणि मुलगी बाहेर. आणि हे सगळं माणसाने डोळ्यांनी पाहायचं, कॅमेऱ्याने नाही.

तर मॅडम, गेल्या वर्षीचं माझं तिसरं कार्ड तुमचं होतं.

विद्यापीठाची हीच स्पर्धा. शेवटची चक्कर, मी दुसरी. पहिल्या दोघींना विद्यापीठाच्या संघात जागा. संघ म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा, निळा ट्रॅकसूट, पाठीवर विद्यापीठाचं नाव, आणि पुढे पोलीस किंवा रेल्वेतल्या खेळाडू कोट्याचं दार किलकिलं. फिनिशची रेघ मला दिसत होती. तेवढ्यात मुख्य पंच आडवे आले आणि पाटी वर! कॉलेजची खेळाडू मी, त्याच कॉलेजच्या शिक्षिका तुम्ही, आणि वळणावर पंच म्हणून उभ्या होतात त्याही तुम्हीच. जगात सगळीकडे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. तुमच्याकडे आपलं तेच कार्टं. मी रडत तुमच्याकडे आले. म्हटलं, मॅडम, माझा पाय जमिनीवरच होता. एरवी रागावलात की तुम्ही 'मले-तुले'वर यायच्या, आणि त्या दिवशी एकदम पुस्तकातल्यासारखं म्हणालात, "पंचांचा निर्णय अंतिम असतो. कृपया मैदान रिकामं करा."

कृपया! ती लाल पाटी परवडली, पण ते 'कृपया' मला अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या ऑटोने शहरात आले आणि महाल भागातल्या तुमच्या घराचं दार वाजवलं. रस्ताभर भाषण पाठ केलं होतं. तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "पोहे खाऊन घे आधी. रिकाम्या पोटी भांडणाले आवाज निघत नाही." पोह्यांवरची तर्री इतकी तिखट होती की माझं अर्धं भाषण नाक पुसण्यातच गेलं. उरलेलं अर्धं मी केलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, चल, गल्लीत चालून दाखव. ती तुमची गल्ली! समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकीला मागे जावं लागतं. मी पुढे चालतेय, मागे पोह्यांची प्लेट हातात घेऊन तुम्ही, तुमच्या मागे हॉर्न वाजवणारा एक माणूस, आणि खिडक्याखिडक्यांत बायका.

"हे बराबर आहे," तुम्ही म्हणालात. "काल असं नव्हतं."

"काल असंच होतं, मॅडम."

"मले दिसलं थे मी लिवलं वं."

"तुम्हाला चुकीचं दिसलं."

"दिसू शकते," तुम्ही म्हणालात आणि हॉर्नवाल्याकडे वळलात, "अन् तुमाले काय एवढी घाई हाये गा? पोरगी चालून राहिली, दिसत नाही का?"

एवढंच. 'दिसू शकते'! वर्षभर मी तुम्हाला त्या दोन शब्दांवरून छळलं. चूक झाली असेल तर मान्य करा, नसेल तर तसं सांगा, हे 'दिसू शकते' काय असतं? आणि तुम्ही प्रत्येक वेळी तेच म्हणालात. पालथ्या घड्यावर पाणी. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही, आता येते. आपलं भांडण व्हायचं ते नेहमी चालता चालता. मी वाद घालत पुढे आणि तुम्ही उत्तर देत स्कूटीवर बाजूने. भांडणाच्या नादात माझा वेग वाढत गेला आणि मला पत्ताही लागला नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा पकडलंत ते आठवतं? पहिल्या वर्षाला मी शंभर मीटरसाठी नाव दिलं होतं आणि चाचणीत सगळ्यांच्या मागे आले होते. "धावते तं अशी जशी कोणी जबरदस्तीनं पाठवली," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि मी तुम्हाला मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या होत्या. त्याच संध्याकाळी धरमपेठेतून आईसाठी दही घेतलं आणि ऑटो पकडायला निघाले. ऑटो सुटत होता. धावावं तर दही सांडणार. म्हणून डबा छातीशी धरून मी चालत सुटले. मागून तुमची स्कूटी आली. "ए पोट्टी, थांब!" मी म्हटलं, मॅडम, ऑटो जातोय. "जाऊ दे थो ऑटो. इथून त्या खांबापर्यंत पुन्हा चाल." मी चालले. मग तुम्ही मला स्कूटीवर बसवलंत आणि थेट कामठीला घरापर्यंत आणून सोडलंत. रस्ताभर मान मागे वळवून चालण्याच्या शर्यतीबद्दल सांगत होता. मी म्हणत होते, मॅडम, समोर बघा, समोर ट्रक आहे. घरी पोचेपर्यंत दह्याचं ताक झालं होतं. आईने विचारलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "ताक राहू द्या हो ताई, तुमची पोरगी मले द्या."

बाबांना मात्र ते पचलं नाही. बाबा यंत्रमागावर काम करतात, दिवसभर खटखटाट ऐकून घरी आले की त्यांना शांतता लागते, आणि मोहल्ल्यात बोभाटा सुरू झाला होता की यांची पोरगी भर रस्त्यात कंबर हलवत चालते. आपल्या चालीत कंबर हलतेच, त्याला इलाज नाही. पोरं शिट्ट्या मारायची. एक तर माझ्या मागे मागे नक्कल करत चालायचा. मी तुम्हाला सांगितलं, आता मी फक्त मैदानावर चालीन, कामठीत नाही. रविवारी तुम्ही आलात. पन्नाशी उलटलेली बाई, सलवार-कमीज, पायात स्पोर्ट शूज, केस पांढरे. मला म्हणालात, "माह्यामागं ये." आणि ऐन बाजारातून, भाजीवाल्यांच्या मधून, तुम्ही चालायला लागलात! कोपर वाकवून, कंबर अशी फिरवत की माझी काय फिरेल! बाजार थांबला. कोणीतरी हसलं. तुम्ही तिथेच थांबलात आणि कमरेवर हात ठेवून ओरडलात, "हासून घ्या गा, आजच काय हासाचं थे हासून घ्या! मंग ज्याले वाटते त्यानं माह्याबरोबर त्या चौकापर्यंत चालून दाखवा." नक्कल करणारा तो पोरगा पुढे आला. चौकापर्यंत पोचला तेव्हा त्याची जीभ बाहेर आली होती आणि तुम्ही मला बुटाची लेस बांधायला सांगत होता. त्यानंतर तो मला 'ताई' म्हणू लागला. बाबा दुकानाच्या आडोशाने सगळं पाहत होते. रात्री जेवताना म्हणाले, "मॅडमले पाठीचा त्रास नाही ना होणार?" त्यांच्या तोंडून तेवढी परवानगी म्हणजे खूप होती.

पण परवानगीला मुदत होती. शेवटच्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षी मी बाद झाल्यावर बाबा म्हणाले, "पुढच्या साली संघात आली तं पुढं पाहू. नाही आली तं बस झालं पोरी, मामाच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसशीन." ते वाईटपणाने नव्हते बोलले. मामाचं दुकान चांगलं आहे, पंखा आहे, बसायला खुर्ची आहे. मला त्या खुर्चीचीच भीती वाटत होती. म्हणून परवाची रेस ही माझी शेवटची होऊ शकत होती, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरीही तुम्ही मधेच निघून गेलात.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. तुम्ही म्हणत होता, या वेळी शेवटच्या चकरेत वेग वाढवायचा नाही. "शेवटी जीव तोडते म्हणून हवेत जाते तू. अर्ध्यात वाढव. अंगात दम आहे तोवर पाय जमिनीवर राहते."

मी म्हटलं, अर्ध्यात वाढवलं तर शेवटी मरेन.

"मर नं मंग. पण पाय खाली ठेवून मर."

मी रागाने फोन ठेवला. म्हटलं, उद्या भेटल्यावर बघते. आणि उद्या काकांचा फोन आला. मॅडम, मरायचं मी होतं ना? तुम्ही माझ्या वाक्याला उत्तर देऊन स्वतःच गेलात. असं भांडण अर्ध्यावर टाकून जाणं हे कुठल्या नियमात बसतं? तुमच्यासारखी नियमांची बाई! मी त्या दिवशी तुमच्या अंत्ययात्रेत घाटाच्या वाटेवर रडत नव्हते, नुसती चिडले होते. चिडले की मी चालते. चालत राहिले. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर रस्ता रिकामा! मी तुम्हाला आणि सगळ्या लोकांना मागे टाकून कुठल्या कुठे पुढे आले होते. तशीच परत फिरले. उलट दिशेने येताना लोक माझ्याकडे बघत होते. काकांनी मला पाहिलं आणि त्या स्थितीतही त्यांना हसू फुटलं. "तिला सुद्धा हरवलंस का ग?" म्हणाले. मग आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून खूप रडलो.

आता रेस.

सकाळ गारठ्याची होती, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बाबा आले होते! पहिल्यांदाच. मागावरून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. कठड्याजवळ काकांच्या शेजारी उभे. एकाला नियम माहीत नाही, दुसऱ्याला समजावूनही कळत नाही, आणि दोघं एकमेकांना गंभीरपणे काहीतरी सांगत होते. तुमच्या वळणावर एक तरुण सर उभे होते, नवी कोरी टोपी घालून. मी त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच चकरेत पाहिलं. ते फक्त पायांकडे बघत होते. तुम्हीही तशाच बघायच्या. चेहरा कधीच बघायच्या नाहीत.

वर्ध्याकडची एक उंच मुलगी सुरुवातीपासूनच पुढे निघून गेली. तिची चाल इतकी देखणी की हेवासुद्धा वाटेना. म्हणजे उरली एकच जागा. मी पाचव्या नंबरवर. मग अर्धी रेस झाली, आणि मी तुमचं ऐकलं. हो, ऐकलं! वाढवला वेग. मॅडम, काय सांगू! एक गेली मागे, दुसरी गेली मागे, तिसरी गेली! हात आपोआप चालत होते, टाच पडत होती, पाय सरळ होत होता, गार वारा कानात शिरत होता, आणि मला वाटलं हे संपूच नये, अशाच पंचवीस चकरा अजून असाव्यात. मी दुसरी! ओरडावंसं वाटत होतं.

आणि मग पडलं पहिलं लाल कार्ड. पुढच्याच वळणाला दुसरं.

मुख्य पंचांजवळच्या फळ्यावर माझ्या नंबरासमोर दोन लाल ठिपके. घ्या! ऐका मॅडमचं! गेल्या वर्षी निदान शेवटी तरी पडली होती, या वर्षी तुमच्या कृपेने मधेच. मी चालता चालता तुम्हाला मोठ्याने बोलले. खरंच बोलले, बाजूच्या मुलीने दचकून पाहिलं. आता एक जरी कार्ड पडलं की खेळ खलास. मी वेग थोडा सोडला. पाय जपून टाकू लागले, आणि मागून पावलांचा आवाज यायला लागला.

ती उमरेडच्या कॉलेजची होती. नाव सानिका, पहिल्या वर्षाची, हे नंतर कळलं. बारकीशी, दातांत ओठ धरलेला. शेवटच्या चकरेची घंटा वाजली तेव्हा ती माझ्या खांद्याशी होती. आणि तेवढ्यात कठड्यावरून माझ्या वडिलांचा आवाज आला, अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असा: "पळ नं वं पोरी! काहून चालून राहिली? पळ!"

मॅडम, आपल्या खेळात कोणी कोणाला 'पळ' म्हणून ओरडल्याचं तुम्ही तरी कधी ऐकलं आहे का? काका त्यांचा शर्ट ओढून गप्प करत होते म्हणे, आणि स्वतःही ओरडत होते, "पळू नको, पळू नको, जोरात ये!" मला हसू येत होतं, दम लागत होता, रडूही येत होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर सानिका माझ्या पुढे गेली. मी बाजूलाच होते. तिचे दोन्ही पाय हवेत होते. मला स्पष्ट दिसलं. माझं सगळं अंग म्हणत होतं, तूही ऊठ, तूही जा, रेघ समोर आहे. मी नाही गेले. मोठं शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. घाबरले. दोन ठिपके डोळ्यांसमोर होते, मामाच्या दुकानातली ती खुर्ची होती, आणि कानात "पाय खाली ठेवून मर". मी पाय खाली ठेवून मेले. तिसरी आले.

रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. संपलं, असं वाटलं. मग पाहिलं तर मुख्य पंच आमच्याकडे येत होते, एक हात पाठीमागे. शेवटच्या चकरेतलं कार्ड असलं की ते रेस संपल्यावरही येऊन दाखवतात. मी म्हटलं, वा! तिसरी येऊनही बाद! ते माझ्यासमोर आले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पुढे गेले होते, आणि लाल पाटी सानिकासमोर होती.

मला कळायला वेळ लागला. मी दुसरी होते. संघात! निळा ट्रॅकसूट! मॅडम, मी संघात! पण ओरडायला तोंड उघडलं आणि सानिकाचा चेहरा दिसला. तो चेहरा मी ओळखत होते. ती मुख्य पंचांना सांगत होती, "सर, माहा पाय जमिनीवरच होता. खरंच होता, सर." ते फक्त मान हलवत होते. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही बाजूलेच होत्या ना? तुम्ही सांगा या सरायले. उचलला होता का मी पाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या बोलण्याने निकाल बदलणार नव्हता. 'नव्हता गं' म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं, तिला थोडं बरं वाटलं असतं, आणि लोकांनी माझं कौतुक केलं असतं. मी तेच म्हणायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "उचलला होता. मले दिसला."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली! "तुमची जागा जाऊन राहिली होती म्हणून म्हणता तुम्ही," एवढं म्हणून ती निघून गेली. आणि बाहेरून ते अगदी तसंच दिसत होतं. तेव्हा मॅडम, मी तुमच्या वळणाकडे पाहिलं. तुम्ही वळणावर उभ्या आहात आणि तुमची स्वतःची पोरगी येते आहे, दही न सांडता चालणारी, जिच्यासाठी तुम्ही बाजारात कंबर हलवलीत. तुमच्या हातात कोरं कार्ड. तुम्हाला काहीतरी दिसतं. आणि ते लिहिल्यावर ती रडत येऊन समोर उभी राहते. 'कृपया' म्हणाला नसता तर तुम्ही काय म्हणाला असता? रडला असता, मॅडम. मला जवळ घेऊन, सगळ्या पंचांसमोर, टोपीबिपी घालून तिथेच रडला असता. हे मला वर्षभरात एकदाही सुचलं नाही.

बाबांनी मला उचललं. अक्षरशः उचललं, मी संघात आले म्हणून नव्हे, त्यांना वाटलं मी पहिली आले. काकांनी समजावलं, दुसरी. बाबा म्हणाले, "दुसरी तं दुसरी. संघात आहे नं? मंग पुढं पाहू." आणि इस्त्रीच्या शर्टाने डोळे पुसले.

संध्याकाळी सानिकाचा फोन आला. नंबर कुठून काढला कोण जाणे. आवाज अजून तापलेला. "ताई, व्हिडिओ पाठवला आहे. हळू करून पाहा." पाहिला. शेवटचा सरळ रस्ता, ती आणि मी शेजारी शेजारी. तिचे दोन्ही पाय हवेत. आणि मॅडम, माझेही! बोटभर, क्षणभर, पण हवेत! मी तीनदा पाहिलं. "दिसलं का?" ती म्हणाली. "मंग तुम्ही कशा काय आत अन् मी कशी बाहेर?" आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कोणीतरी माझ्याशी भांडत होतं! मी उठून खोलीत येरझारा घालायला लागले. म्हटलं, "मशीनले सगळंच दिसते वं. नियम माणसाच्या डोळ्याचा आहे." ती म्हणाली, "माणसाले चुकीचं दिसू शकते." मी म्हटलं, "दिसू शकते." ती म्हणाली, "हे काय उत्तर झालं?" पाऊण तास चाललो आम्ही दोघी, ती उमरेडच्या मावशीच्या गच्चीवर, मी कामठीच्या आमच्या खोलीत. शेवटी तिला दम लागलेला मला ऐकू येत होता. रविवारी ती मैदानावर येणार आहे, मला खोटं पाडायला. मी आतापासूनच उत्तरं तयार करते आहे.

म्हणजे हे सुख होतं तर! वर्षभर स्कूटीवरून तुम्ही हे सुख घेत होता आणि वर मला पोहे खाऊ घालून उपकार दाखवत होता!

काका म्हणाले, शेवटी एक वाक्य लिही, की मॅडम, तुम्ही दिलेलं कार्ड बरोबर होतं. जिथे असेल तिथे तिला बरं वाटेल. नाही लिहिणार. तुमचा नियम मी घेतला, तुमची चाल घेतली, अर्ध्यात वाढवायचं तेही घेतलं, दोन कार्डं खाऊन घेतलं. पण ते वाक्य लिहिलं की आपलं भांडण मिटलं. आणि भांडण मिटलं की तुम्ही खरंच गेलात. ते मला इतक्यात जमणार नाही, मॅडम. मला अजून खूप चालायचं आहे.